बुरुल एजेची यादी

नौरूजच्या सणाचा आठवडा आला की नारीन गावातल्या मुलींच्या हायस्कुलात शिकणं सोडून बाकी सगळं चालतं. सोमवारी भित्तिपत्रकं, मंगळवारी रांधण्याची चढाओढ, बुधवारी व्हॉलिबॉल, गुरुवारी गाणी आणि कोमुझवादन, शुक्रवारी तोगुझ कोर्गोलचा प्रांताचा अंतिम सामना, आणि तो संपला की मोठा जलसा. गणिताचे मास्तर या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत डोळे मिटून बसतात. कोणी हाक मारली तर म्हणतात, "मी सुट्टीवर आहे, फक्त घरी गेलेलो नाही."

हा सगळा गाडा जी एकटी बाई ओढायची ती बुरुल. कागदावर तिचा हुद्दा उपक्रम संयोजक असा भारदस्त होता. म्हणजे मुख्याध्यापिका कालिपा एजे सही करायच्या आणि बाकीचं सगळं बुरुल करायची. सव्वीस वर्षं हेच. बुटकी, रुंद, गळ्यात शिट्टी, डोक्याच्या रुमालात खोचलेली पेन्सिल, आणि ती पेन्सिल सापडत नाही म्हणून दिवसातून दहा वेळा आरडाओरडा. मुली तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायच्या आणि घाबरायच्या तेवढ्याच तिच्या गळ्यातही पडायच्या. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला तिने "रांगेत!" म्हटलं की त्या टोकाला रस्त्याने जाणारी माणसंसुद्धा जरा सरळ चालायला लागायची.

जिभेला हाड नसतं म्हणतात. बुरुलच्या जिभेला होतं, पण एकाच जागी.

बाविसाव्या वर्षी ती आत-बाशीहून सून होऊन नारीनला आली. पहिल्याच सकाळी सासूने चहा ओतता ओतता बोटांवर अकरा नावं मोजून दाखवली. दीर, चुलत दीर, चुलत सासरे. ही नावं आजपासून तुझ्या तोंडात येता कामा नयेत. सगळ्यांत वर सासऱ्यांचं, ताश्तान. नुसतं नाव नव्हे, तर त्यातला ताश, म्हणजे दगड, तोसुद्धा बोलायचा नाही. डोंगराच्या गावात राहायचं आणि दगड म्हणायचं नाही! पण आपल्याकडच्या सुना हे करत आल्या आहेत. बुरुल दगडाला कातू म्हणायला लागली, म्हणजे टणक. नदीतले टणक, चुलीखालचे टणक, गाडीच्या काचेवर उडालेला टणक. नवऱ्याला, कुबातला, मूतखडा झाला तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "याच्या मूत्रपिंडात टणक झालंय."

"काय टणक?"

"टणक म्हणजे टणकच. नदीत असतं ते."

डॉक्टरीणबाई इथल्याच. त्यांनी मान खाली घालून औषध लिहिलं आणि विचारलं, "सासरे आहेत का अजून?"

"आहेत, देवाच्या दयेने. चांगले खणखणीत आहेत."

आताच्या पोरी हे पाळत नाहीत. शेजारची सून सासऱ्यांना फोनवर सरळ नावाने हाका मारते आणि सासरा हसतो. बुरुलचं त्यावर काही म्हणणं नव्हतं, ज्याची त्याची जीभ. सासूला जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा धाक म्हणावा तर तोही नव्हता. खरं कारण वेगळं होतं. लग्नानंतर बुरुलला शिक्षिकेचं शिक्षण पुरं करायचं होतं, घरात तान्हं मूल होतं, आणि सगळं घर नको म्हणत होतं. तेव्हा या म्हाताऱ्याने मूल मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "जाऊ दे तिला. रडलं तर मी गाईन." दोन हिवाळे तो खरंच गायला, बेसूर. त्या माणसावर बुरुलचा जीव होता. त्याच्यासाठी करता येण्यासारखं फारसं काही नव्हतं, तर निदान एवढा एक मान तरी आपण राखावा, असं तिला मनापासून वाटायचं. ती त्याला अता, म्हणजे बाबा, म्हणायची, बाकी सगळं गाव अक्साकाल, म्हणजे वडीलधारे, म्हणायचं.

आता आयपेरी. अकरावीतली, वसतिगृहात राहणारी, वरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाची मुलगी. आडनाव ताश्तानोवा. नातं काही नाही, नुसता योगायोग. पहिल्या दिवशी हजेरी घेताना बुरुल त्या नावापाशी आली, थांबली, घसा खाकरला आणि म्हणाली, "कातूबायेवा!" वर्ग पोट धरधरून हसला. आयपेरी गंभीरपणे उभी राहिली आणि म्हणाली, "हजर." तेव्हापासून ती कातूबायेवा. स्वयंपाकीणबाई तसंच म्हणायची, पहारेकरी तसंच म्हणायचा, आणि दुसऱ्या वर्षापासून भूगोलाच्या बाईही तसंच म्हणायला लागल्या.

या मुलीचं डोकं तोगुझ कोर्गोलमध्ये चालायचं. दोघांचा खेळ, प्रत्येकाची नऊ घरं, प्रत्येक घरात नऊ गोळ्या. लहानपणी मेंढ्यांमागे फिरताना तिने जमिनीत खळगे खणून, मेंढ्यांच्या लेंड्या भरून तो आपल्या आजीबरोबर खेळला होता. दर रविवारी बुरुलचे सासरे काखेत पट मारून वसतिगृहात यायचे, पोरींना एकेक करून हरवायचे आणि वर टोमणे मारायचे, "हिला गोळ्या मोजायला नको, चघळायला द्या." आयपेरीने नववीत असताना त्यांना हरवलं. दोन रविवार म्हातारा फिरकला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो अक्रोडाच्या लाकडाचा नवा पट घेऊन, आणि सरळ तिच्यासमोर बसला.

शुक्रवारचा सामना जिंकणारी मुलगी बिश्केकला जाणार होती. तिथे विद्यापीठाचा प्रशिक्षक खेळ पाहून मुली निवडायचा. आयपेरीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जात होतं, आणि बापाने निरोप धाडला होता की बिश्केकचं जमलं तर उत्तम, नाहीतर सरळ घरी ये, मेंढ्या व्यायला लागल्यात. बाप वाईट नव्हता, त्याला माणूसबळ कमी पडत होतं.

सोमवारी सकाळी दहाच्या आत शाळेकडून खेळणाऱ्या स्पर्धकांची यादी प्रांताच्या कचेरीत जायला हवी होती. पावणेदहाला बुरुल खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून ती लिहीत होती.

"एजे, डिंक संपला!"

"मग पिठाची खळ कर."

"एजे, पीठ उद्याच्या स्वयंपाकाचं आहे, स्वयंपाकीणबाई लाटणं घेऊन उभ्या आहेत!"

"एजे, नववीने आमचं चित्र चोरलं!"

"चोरलं नाही एजे, आधी आमचंच होतं!"

"एजे, तुमची पेन्सिल माझ्याकडे नाहीये हां, आधीच सांगते."

"अगं भवान्यांनो, पेन्सिल माझ्या हातात आहे! मला आठ नावं तरी लिहू द्या!"

तिने आठ नावं लिहिली. नाझिक नावाच्या कारकून मुलीने ती टंकली. कालिपा एजेंनी सही केली, खाली तीन शिक्षकांनी केली, शिक्का बसला, यादी गेली. पाच जणांच्या नजरेखालून तो कागद गेला आणि सहाव्या ओळीतलं 'आयपेरी कातूबायेवा' एकालाही खटकलं नाही. खटकणार कसं? चार वर्षं सगळे तेच तर म्हणत होते.

मंगळवारी कणकेचे बोर्सोक तळताना दहावीच्या मुलींनी निम्मे करपवले आणि ते नववीच्या ताटात सरकवले. त्यावरून जे भांडण झालं ते मिटवायला बुरुलला करपलेले सगळे स्वतः खावे लागले. बुधवारी व्हॉलिबॉल कालिपा एजेंच्या खिडकीतून आत गेला आणि काच बाहेर आली. गुरुवारी कोमुझच्या तारा तुटल्या, एक मुलगी मंचावर शब्द विसरून रडली, तिला रडताना पाहून पुढची रडली. या सगळ्या धबडग्यात रोज दुपारी वाचनालयात आयपेरी आधीच्या फेऱ्या खेळत होती आणि जिंकत होती. बुरुल धावता धावता दारातून डोकवायची. आयपेरी मान वर न करता बोटांनी खूण करायची, झालं, जिंकले. बुरुल पुढे धावायची.

शुक्रवारी प्रांताच्या शिक्षण कचेरीतून सालिमा इशेनोव्ना आल्या. जाड चष्मा, बगलेत फाइल, आणि चेहरा असा की हसू आलं तरी ते आधी अर्ज करून येईल. सामना दोनला होता. दीडला त्या सभागृहात समितीच्या टेबलाशी बसल्या आणि जन्मदाखले यादीशी ताडून पाहायला लागल्या.

"कातूबायेवा कोण?"

आयपेरी पुढे झाली.

"दाखल्यावर तर ताश्तानोवा आहे."

"हो, तीच ती," कालिपा एजे घाईघाईने म्हणाल्या.

"आणि कातूबायेवा?"

"तीही हीच."

"एका मुलीला दोन आडनावं?" सालिमा इशेनोव्नांनी चष्मा वर ढकलला. "चार दिवस ही कुणाच्या नावावर खेळली?"

कालिपा एजेंनी सगळं समजावून सांगितलं. सून, सासरे, हजेरी, सवय. सांगताना त्यांनाच घाम फुटला, कारण खाली त्यांचीही सही होती. कोचकोरच्या शाळेचे प्रशिक्षक, ज्यांची मुलगी समोर खेळणार होती, तेही टेबलाशी येऊन उभे राहिले.

"प्रथा मला माहीत आहेत," सालिमा इशेनोव्ना म्हणाल्या. "पण कागदाला सासरा नसतो. हे बघा, मला कुणाचं वाईट करायचं नाही. ज्यांनी यादी लिहिली त्यांनी समितीसमोर, यांच्यासमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायचं की चूक माझी, आणि मुलीचं पूर्ण नाव अमुक. मी फोनवर रेकॉर्ड करून घेते आणि दुरुस्ती करते. दोनच्या आत. नाहीतर सामना कोचकोरला द्यावा लागेल."

एवढं साधं काम. दुसऱ्या कुणालाही हसू आलं असतं. बुरुलला मात्र नाही, कारण समितीच्या टेबलापासून चार पावलांवर, पहिल्या रांगेत, पांढरी कल्पाक टोपी घालून, काठीवर हनुवटी टेकून तिचे सासरे बसले होते. जलशाआधी आशीर्वाद त्यांनीच द्यायचा होता, आणि सकाळपासून ते आयपेरीचा सामना पाहायला येऊन बसले होते.

"बाजूच्या खोलीत चालेल का?" बुरुलने विचारलं.

"बंद खोलीत केलं तर उद्या हेच म्हणतील की काहीतरी शिजलं." सालिमा इशेनोव्नांनी कोचकोरच्या प्रशिक्षकांकडे मान हलवली. "इथेच."

"मीच सांगते ना माझं नाव," आयपेरी म्हणाली.

"तू लिहिलंस का ते? नाही ना? मग गप्प," सालिमा इशेनोव्ना म्हणाल्या.

फोन टेबलावर उभा राहिला. बुरुल समोर आली. मागे शंभर-दीडशे माणसं. आया, आज्या, आत्या, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या सुना. अडलंय कुठे ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"चूक माझी आहे," बुरुल म्हणाली. "मुलीचं नाव आयपेरी. आडनाव..." ती थांबली. "आडनाव, म्हणजे, ते टणक असतं ना, नदीत..."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कोचकोरचे प्रशिक्षक म्हणाले, "हे काय, कोडी घालताय का?"

"बाई, स्पष्ट," सालिमा इशेनोव्ना म्हणाल्या. पावणेदोन वाजले होते.

बुरुलने तोंड उघडलं. ज्या तोंडाने सव्वीस वर्षं मैदान हलवलं, त्यातून हवा आली, अक्षर आलं नाही. तिला स्वतःचा भयंकर राग आला. एवढी मोठी बाई, तीन लेकरांची आई, आणि एक शब्द जड व्हावा! तिने आयपेरीकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती, रागावलीही नव्हती. ती उलट बुरुलकडेच काळजीने पाहत होती, जणू अडचण बुरुलची आहे. ते बुरुलला सोसवलं नाही. चूक आपण करायची आणि पोरीने आपल्याला सांभाळून घ्यायचं, हे कुठल्या प्रथेत बसतं?

"आयपेरी ताश्तानोवा!" ती ओरडली. एकदा सुटल्यावर थांबवेना. "ताश्तानोवा! ताश्तान, ताश्तानवरून ताश्तानोवा!"

आवाज मैदानावरचा होता. छतापर्यंत गेला.

पहिल्या रांगेतला म्हातारा खाडकन उभा राहिला. "ओय?" तो म्हणाला. "कोण? कोण हाक मारतंय?"

त्याला कमी ऐकू यायचं. टेबलाशी काय चाललंय हे त्याला कळलंच नव्हतं. सभागृह जे हसलं ते आवरेना, आज्या रुमालाने डोळे पुसायला लागल्या. म्हाताऱ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. बुरुल कानापर्यंत लाल झाली होती. म्हातारा हळूच खाली बसला आणि हनुवटी पुन्हा काठीवर टेकवली.

सालिमा इशेनोव्नांनी फोन बंद केला, यादीतलं नाव खोडलं, वर नवं लिहिलं, सही केली. "खेळा," त्या म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, बुरुललाच ऐकू जाईल असं, "माझ्या सासऱ्यांचं नाव तर माझ्या मुलाच्या दाखल्यावर मी नवऱ्याकडून लिहून घेतलं होतं."

आयपेरी खेळली. पहिला अर्धा तास ती मागे होती आणि बुरुल खिडकीशी उभी राहून रुमालाचं टोक चावत होती. मग कोचकोरच्या मुलीने घाईत एक घर उघडं टाकलं आणि आयपेरीने ते असं उचललं की पहिल्या रांगेतून म्हातारा "हां!" म्हणाला. चौऱ्याऐंशी विरुद्ध अठ्ठ्याहत्तर. मुलींनी बाकांवर चढून जो कल्लोळ केला त्यात आणखी एका खिडकीची काच हादरली, पण टिकली. कालिपा एजे मटकन खुर्चीत बसल्या. बुरुलचा जीव भांड्यात पडला. पाच दिवसांत पहिल्यांदा तिला कळलं की आपले पाय दुखताहेत, आणि तेही तिला छान वाटलं. आयपेरी येऊन तिच्या गळ्यात पडली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जा, बापाला फोन कर. आणि काहीतरी खा, गधडे."

जलसा सुरू झाला. म्हाताऱ्याने दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद दिला आणि थोड्या वेळाने तो उठून भोजनगृहात जाऊन बसला. मोठ्या आवाजाने त्याला त्रास व्हायचा. बुरुलने पाहिलं. आता बोलणी खायची वेळ आली, तर ती खाऊन मोकळं व्हावं, असं ठरवून ती मागोमाग गेली. चहा ओतला, दोन्ही हातांनी वाडगा पुढे केला.

"अता, माफ करा. सगळ्यांदेखत तोंडातून काढलं. पोरीचं वर्ष जात होतं."

म्हाताऱ्याने चहा घेतला. फुंकर मारली. प्यायला नाही.

"मला वाटलं इसाकच आला," तो म्हणाला.

"कोण इसाक?"

"माझ्याबरोबर घोडे राखायचा तो. तो असंच ओरडायचा, अख्ख्या दरीला ऐकू जाईल असं. दोन वर्षं झाली त्याला जाऊन." त्याने वाडगा खाली ठेवला. "आई घ्यायची नाव. थोरला भाऊ घ्यायचा. तुझी सासू पंचावन्न वर्षं 'ऐकलंत का' म्हणत राहिली, बिचारीने मरतानाही घेतलं नाही. मग एक इसाक उरला होता. आता टपालवालासुद्धा अक्साकाल म्हणतो. मान देतात गं सगळे. मान खूप देतात."

बत्तीस वर्षं एवढ्या जपणुकीने जे त्याच्यासाठी राखून ठेवलं, त्याचा हा अर्थ बुरुलच्या मनात कधी आला नव्हता. सभागृहातून मुलींचं गाणं येत होतं.

"परत म्हण," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"मघाशी म्हणालीस ते. इथे कोणी नाही. म्हण."

बुरुलने दाराकडे पाहिलं. पदराला हात पुसावेत तसे तिने रुमालाच्या टोकाला हात पुसले.

"ताश्तान," ती म्हणाली. या खेपेला अगदी हळू. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, लेकराला जेवायला हाक मारतात तशी. "ताश्तान!"

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"आहे गं," तो म्हणाला. "अजून आहे."